बॅरल बदललं की झीरो पळतो: स्कोपला हात लावण्याआधी काय तपासायचं

मधून मोडून उघडणारी एकनळी रायफल, एकच फ्रेम (चाप आणि घोडा असलेला सांगाडा) आणि तिच्यावर आलटून पालटून बसणारी दोन-तीन बॅरलं. ज्याच्याकडे हा संसार आहे त्याची तक्रार बहुधा ठरलेली असते: मागच्या वेळी झीरो केलेलं, म्हणजे स्कोपचा नेम गोळी पडते त्या जागेशी जुळवलेलं, बॅरल काढून ठेवलं, आज पुन्हा लावलं, तर गोळ्या भलतीकडेच. मग स्कोपचे टरेट (नेम सरकवणारी बटणं) फिरवायचे, झीरो करायचा, घरी जायचं. पुढच्या वेळी पुन्हा तेच, बहुतेक वेळा उलट्या दिशेने.

मी हे दीड वर्ष केलं. माझ्याकडे .२२ लाँग रायफल, .२२३ आणि .३०-३० अशी तीन वेगवेगळ्या काडतुसांची बॅरलं आहेत. त्यातलं .३०-३० हे घरातलं द्वाड मूल. एका संध्याकाळी त्याने १०० मीटरवर चांगला ९ सेंटीमीटर वर आणि उजवीकडे ग्रुप (लागोपाठच्या गोळ्यांचा पुंजका) दिला. मी टरेटच्या क्लिक मोजून खाली-डावीकडे आणला. पुढच्या खेपेला तोच ग्रुप खाली-डावीकडे. त्या दोन दिवसांत चाळीसेक काडतुसं गेली आणि शेवटी स्कोप जिथून निघाला होता तिथेच येऊन थांबला. स्कोपचा काही दोषच नव्हता.

या रायफलींत स्कोप फ्रेमवर नसतो, बॅरलवर असतो. बॅरल फ्रेमपासून वेगळं केलं तरी स्कोप आणि बॅरल यांचं नातं तुटत नाही. म्हणून बॅरल परत लावल्यावर नेम जिथल्या तिथे यायला हवा, आणि फ्रेम धड असेल तर तो येतोही. जेव्हा येत नाही तेव्हा बॅरल आणि फ्रेम यांच्या मधे काहीतरी बदललेलं असतं, किंवा बॅरलला चिकटलेली एखादी वस्तू त्याला वेगळं ढकलत असते. टरेट फिरवून तुम्ही आजची चूक उद्याच्या झीरोत पक्की करता, एवढंच.

पुढचं सगळं रिकाम्या रायफलीवर करायचं. काडतुसं दुसऱ्या टेबलावर. या प्रकारच्या रायफलीत चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) बघणं सोपं आहे, उघडली की नळीतून आरपार उजेड दिसतो. तो दरवेळी बघायचाच.

आधी तक्रार नीट ऐका

झीरो पळणं आणि ग्रुप फुटणं हे दोन वेगळे आजार आहेत. तीन गोळ्या एकमेकींना खेटून पडल्या, पण सगळ्या मिळून दुसऱ्या जागी, तर बॅरल बसवण्यात किंवा फोरएंडच्या (बॅरलखालच्या पुढच्या लाकडाच्या) दाबात फरक पडलाय. गोळ्या खालून वर अशा रांगेत चढत गेल्या तर तापलेलं बॅरल किंवा पुढचं लाकूड. आणि सगळ्यांत बोलका प्रकार म्हणजे एकाच टारगेटवर दोन छोटे ग्रुप, तीन इथे, दोन तिथे. तिथे रायफल दरवेळी एकाच जागी बंद होत नाही, दोन जागांपैकी एकीवर बंद होते.

त्यासाठी मी आता चार कागदांची चाचणी करतो. पहिल्या कागदावर तीन गोळ्या. बॅरल हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. दुसऱ्या कागदावर तीन, मधे कशालाही हात न लावता. तिसऱ्या कागदाआधी फक्त फोरएंड काढून परत लावायचा. चौथ्याआधी बॅरल पूर्ण उतरवून परत चढवायचं. काडतुसं एकाच लॉटची, टेका एकाच जागी. पहिले दोन कागद जुळले आणि तिसरा बिघडला तर चोर फोरएंडमध्ये आहे. तिसराही जुळला आणि चौथा बिघडला तर बिजागरी किंवा खटका (बंद रायफल अडकवून धरणारी कडी). पहिला आणि दुसराच जुळत नसतील तर बॅरल बदलण्याचा इथे काही संबंध नाही, माउंट (स्कोप बॅरलवर धरणारी पकड), काडतूस किंवा स्वतःचा खांदा बघा.

एकूण बारा काडतुसं. माझ्या चाळिसांपेक्षा बरीच स्वस्त पडली असती.

अंदाजासाठी: १०० मीटरवर १ एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) म्हणजे २९ मिलिमीटर, म्हणजे पाव एमओएच्या स्कोपची एक क्लिक साधारण ७ मिलिमीटर. तीन गोळ्यांच्या ग्रुपचा मध्य दीड-दोन सेंटीमीटर इकडे-तिकडे झाला म्हणून रायफल खोलायला बसू नका. तेवढा फरक माणसाचा श्वासही करतो.

फोरएंड: दहापैकी सात वेळा इथेच

दहापैकी सात हा माझा अंदाज, हिशेब नव्हे. पण या रायफलींचा स्वभाव ज्यांना माहीत आहे ते हसून मान डोलावतील.

बोल्ट ॲक्शन रायफलीत पुढचं लाकूड हा मागच्या दस्त्याचाच भाग असतो आणि बॅरल बहुधा त्याच्यावर तरंगतं, म्हणजे त्याला न शिवता राहतं. इथे मात्र फोरएंड हा सुटा तुकडा आहे आणि तो थेट बॅरललाच स्क्रूने आवळलेला असतो, कुठे दोन स्क्रूंनी, कुठे एकाने. त्यामुळे लाकडावर आलेला प्रत्येक दाब बॅरलवर जातो. हाताने धरलं, वाळूच्या पिशवीवर टेकवलं, पावसाळी हवेत लाकूड फुगलं, पुढचा स्क्रू पाव फेरा जास्त आवळला, यातलं काहीही झालं की बॅरलच्या कंपनांचा ताल बदलतो आणि गोळी वेगळीकडे जाते.

माझ्या .३०-३० चा फोरएंड काढून आत पाहिलं तेव्हा पुढच्या टोकाजवळ, उजव्या कडेला, अंगठ्याच्या नखाएवढा भाग चकाकत होता. बाकी लाकूड मॅट, तेवढाच तुकडा घासून गुळगुळीत. तिथे बॅरल लाकडाला रेटत होतं. दर वेळी मी स्क्रू वेगळ्या ताकदीने आवळायचो, दर वेळी रेटा वेगळा, दर वेळी झीरो वेगळा. दीड वर्षाचं कोडं त्या नखाएवढ्या डागात होतं.

तपासायची रीत साधी आहे. स्क्रू आवळलेले असताना एक कागदाची पट्टी बॅरल आणि लाकडाच्या मधून पुढून मागे सरकवत न्या. जिथे अडते तिथे पेन्सिलने खूण करा. मग रायफल बंद करून फोरएंडचं मागचं टोक आणि फ्रेम यांच्या मधेही तीच पट्टी घाला. ही दुसरी जागा लोक विसरतात. लाकडाचं मागचं टोक फ्रेमला टेकत असेल तर ते पाचरीसारखं काम करतं आणि रायफल पूर्ण, सारखी बंद होऊ देत नाही. तिथे पट्टी मोकळी फिरली पाहिजे.

इलाज दाब काढणं हा. जिथे अडतं तिथलं लाकूड बारीक सँडपेपरने थोडं थोडं उतरवायचं, मधे मधे पट्टी फिरवून बघायचं, आणि उघडं पडलेलं लाकूड पातळ फिनिशने बंद करायचं, नाहीतर ते पुढच्या दमट हवेत पाणी पिऊन पुन्हा फुगेल. दोन स्क्रूंच्या फोरएंडसाठी धातूची हँगर पट्टीही मिळते. ती बॅरलला बसते आणि लाकूड त्या पट्टीला लटकतं, बॅरलला जवळपास शिवत नाही. एका स्क्रूच्या रायफलींत जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे बॅरलखालच्या बोंडाभोवती रबराची एक छोटी ओ-रिंग. फोरएंड मग त्या एका बिंदूवर टेकतो, बाकी मोकळा राहतो. वर्षानुवर्षं माणसं हे करतायत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

स्क्रू किती आवळायचा यापेक्षा दर वेळी तितकाच आवळायचा, हे महत्त्वाचं. टॉर्क ड्रायव्हर (आवळण्याचा जोर मोजणारा पेचकस) असेल तर आकडा ठरवा आणि बॅरलच्या म्यानावर लिहून ठेवा. नसेल तर स्क्रूच्या खाचेची दिशा टिपा: माझ्या .३०-३० ची पुढची खाच "दहा वाजून दहा मिनिटांवर" थांबते. आवळताना रायफल उभी, दस्ता जमिनीवर. आडवी ठेवून आवळली तर लाकूड स्वतःच्या वजनाने एका बाजूला झुकून बसतं.

आणि टेका. बेंचवर फोरएंडचं पुढचं टोक पिशवीवर ठेवण्याची सवय बोल्ट ॲक्शनवाल्यांना असते, तिथे ती खपते. इथे पिशवी मागे आणा, फ्रेमच्या लगेच पुढे, बिजागरीच्या आसपास. बॅरल तर कशालाच टेकू देऊ नका. नुसत्या या एका बदलाने उभे पसरलेले ग्रुप गोळा झालेले मी पाहिलेत, माझ्या आणि इतरांच्याही रायफलींत.

बिजागरी आणि खटका

फोरएंड निर्दोष निघाला तर पुढची शंका बॅरल ज्या पिनेवर झुलतं तिच्यावर.

फोरएंड काढा, रायफल बंद करा, एका हाताने फ्रेम घट्ट धरा आणि दुसऱ्याने बॅरल डावीकडे-उजवीकडे, मग वर-खाली हलवा. हाताला "टक" लागू नये. लागलं तर पिन, तिचं भोक किंवा खटका, तिघांपैकी कुणीतरी झिजलंय. पिन झिजली असेल तर किंचित जाड पिना मिळतात. त्या निवडणं आणि बसवणं गनस्मिथचं काम, कारण पिनेची जाडी बदलली की बॅरल आणि ब्रीच (काडतुसामागची फ्रेमची भिंत) यांच्यातलं अंतरही बदलू शकतं. भोक लांबट झालं असेल तर तो विषय घरच्या टेबलाचा नाहीच.

मात्र "टक" न लागताही गोंधळ होतो. पिन पूर्ण गोल दिसते, पण वापराने ती एका बाजूला किंचित बसलेली असते. बॅरल बदलताना ती उलटी किंवा फिरवून घातली की बॅरलची जागा केसभर बदलते. पिनेच्या एका टोकाला कायम मार्करने ठिपका द्या आणि ठिपका नेहमी एकाच बाजूला, एकाच दिशेला. ग्रीसचं बोट पुसून जे उरेल तेवढंच ग्रीस पिनेवर हवं.

खटक्याची रचना सगळीकडे सारखी नसते. काही रायफलींत खटका फ्रेममध्ये असतो आणि बॅरलखालच्या पायरीवर सरकून बसतो. काहींत तो लगमध्येच (बॅरलखाली जोडलेल्या ठोकळ्यात) असतो आणि स्प्रिंगने फ्रेमच्या खाचेत घुसतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक बॅरलचा खटका त्याचा स्वतःचा, म्हणून एक बॅरल शहाणं आणि दुसरं उनाड असू शकतं. दोन्हीकडे शत्रू एकच: ग्रीसमध्ये रुतलेला कचरा.

माझ्या .२२३ च्या बाबतीत तो न जळलेल्या दारूचा एक दाणा निघाला. टूथपिकने खाच खरवडली तेव्हा काळ्या ग्रीससकट बाहेर आला, मोहरीपेक्षा बराच लहान. कधी तो खटक्याखाली यायचा, कधी बाजूला सरकायचा, आणि टारगेटवर ते दोन ग्रुप. त्यानंतर बॅरल बदलताना मी पाच जागा कोरड्या फडक्याने पुसतो: ब्रीचची उभी भिंत, बॅरलचं मागचं तोंड, लग, खटका आणि त्याची खाच. एका मिनिटाचं काम.

बंद करायची पद्धतही एकच ठेवा. मनगटाच्या झटक्याने रायफल फटकन बंद करणं पडद्यावर छान दिसतं, पण त्याने खटका आणि बिजागरी दोन्ही झिजतात. उलट फार हळुवार बंद केली तर खटका अर्धाच जातो. दोन हातांनी, ठाम, दर वेळी सारखी. मी बंद केल्यावर बॅरलवर तळहाताने एकदा खाली दाबतो. गरज असतेच असं नाही, पण हाताला सवय आहे.

माउंटबद्दल थोडक्यात: बेसचे (माउंटच्या बॅरलवरच्या तळाचे) स्क्रू काढून तेलाचा अंश घालवा, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवर आवळा, स्क्रूच्या डोक्यावरून बेसपर्यंत नेलपॉलिशची रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला. हलक्या रायफलीवर जोरदार काडतूस वापरणाऱ्यांनी दर दोन-तीन वेळांनी ही रेघ बघावी.

हे सगळं करूनही माझ्या .३०-३० ची गार बॅरलची पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा एक क्लिक वर जाते. ती मी आता सुधारायला जात नाही. म्यानावर तसं लिहिलंय.

एक उपप्रश्न: बॅरल खरंच बदलता येतं का?

"बदलता येणारं बॅरल" या शब्दांखाली दोन वेगळ्या जाती आहेत, आणि निम्म्या तक्रारी त्या एक समजल्यामुळे येतात.

पहिल्या जातीत त्या घराण्याचं कुठलंही बॅरल त्या घराण्याच्या कुठल्याही फ्रेमवर बसावं, अशीच रचना असते. थॉम्पसन सेंटरचं काँटेंडर १९६७ मध्ये आलं ते याच कल्पनेवर, आणि १९९८ मध्ये त्याच कंपनीचं एन्कोर मोठ्या दाबाच्या काडतुसांसाठी आलं. पण ही दोन घराणी वेगळी. एकाचं बॅरल दुसऱ्यावर बसत नाही, आणि ते बरंच आहे, कारण काँटेंडरची फ्रेम .३०-३० वर्गाचा दाब पेलणारी आहे, .३०-०६ चा नाही.

दुसऱ्या जातीत बॅरल त्या एका फ्रेमला घासून-जुळवून बसवलेलं असतं. हॅरिंग्टन अँड रिचर्डसनच्या हँडी-रायफली अशा होत्या: जास्तीचं बॅरल हवं तर फ्रेम कारखान्यात पाठवायची आणि तिथे जोडून घ्यायची. तिथेही शॉटगनच्या कामाची फ्रेम आणि सेंटरफायर (काडतूस बुडाच्या मधोमध पेटणाऱ्या) रायफलीची फ्रेम वेगळी. कुणाकडून तरी घेतलेलं जुनं बॅरल अशा फ्रेमवर "बसलं" म्हणजे ते जुळलं असं नव्हे. ते बंद होतं, पण किती अंतर ठेवून बंद होतं हे मोजल्याशिवाय त्यात काडतूस घालायचं नाही. अशा बॅरलचा झीरो पळत असेल तर वर लिहिलेल्या कुठल्याही उपायाने फरक पडणार नाही. गनस्मिथकडे न्या.

कायद्याचंही तसंच. काही देशांत सुटं बॅरलही परवान्यावर वेगळं नोंदवावं लागतं, काही ठिकाणी फक्त फ्रेम मोजतात. आणि जिथे एकच फ्रेम पिस्तूल म्हणूनही बांधता येते आणि रायफल म्हणूनही, तिथे आखूड बॅरल आणि खांद्याचा दस्ता एकत्र येणं हाच गुन्हा ठरू शकतो. अमेरिकेत याच प्रश्नावर, पिस्तूल, खांद्याचा दस्ता आणि २१ इंची बॅरल यांच्या संचावरून, थॉम्पसन सेंटरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. तरी तिथले जाणते लोक आजही आधी लांब बॅरल लावतात आणि मगच दस्ता चढवतात.

टक्क, आणि पुढे काहीच नाही

दुसरी नेहमीची तक्रार. चाप ओढला, घोडा पडला, बार उडाला नाही.

पहिली गोष्ट, रायफल उघडू नका. तोंड टारगेटकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा. काडतूस उशिरा पेटू शकतं, आणि उघडलेल्या ब्रीचपासून तुमचा चेहरा फार लांब नसतो.

मग काडतूस काढून प्रायमर (बुडातली पेटणारी टोपी) बघा. खूणच नाही, उथळ खूण आहे की भरपूर खोल खूण आहे, यावर पुढचा रस्ता ठरतो.

खूणच नसेल तर रायफल पूर्ण बंद झाली नव्हती. बऱ्याच रचनांत खटका अर्धवट असला तर घोडा पडूनही फायरिंग पिनेपर्यंत (प्रायमरला टोचणाऱ्या पिनेपर्यंत) पोचत नाही, हे मुद्दाम केलेलं आहे. खटक्याची खाच पुसा. किंवा, आणि इथे मी स्वतः कान पकडतो, घोड्यावरचा सिलेक्टर. ज्या फ्रेमवर रिमफायर (बुडाच्या कडेला पेटणारी, .२२ सारखी) आणि सेंटरफायर दोन्ही बॅरलं चालतात तिच्यात दोन फायरिंग पिना असतात आणि घोड्यावरच्या या छोट्या कळीने कुठली वापरायची ते ठरतं. काही फ्रेमवर मधली जागा सेफ्टीची. .२२ काढून .३०-३० लावलं, सिलेक्टर तसाच, आणि मी तीन काडतुसं "खराब लॉट" म्हणून बाजूला काढली होती. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी काही न बोलता नुसतं बोट दाखवलं. ती तिन्ही नंतर नीट उडाली.

.२२ लावून सिलेक्टर सेंटरवर राहिला तर उलट खूण दिसते: केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) बुडावर बरोब्बर मधे टोचलेलं, कडेला काही नाही. रिमफायरची पेटणारी दारू कडेच्या वळीत असते, मधे टोचून काही होत नाही.

उथळ खूण हा खरा तपास. आधी फायरिंग पिनचा मार्ग: जुनं ग्रीस घट्ट होऊन पिन मंदावते, थंडीत जास्तच. पिनेला ग्रीस नको, सॉल्व्हंटने स्वच्छ करून जवळपास कोरडी ठेवा. मग अंतर. बॅरल बंद असताना त्याचं मागचं तोंड आणि ब्रीच यांच्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा, दोन्ही बाजूंना आणि वर. इंचाचे काही हजारावे भाग फट असणं रीतसर आहे, एक हजारावा म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. प्रत्येक बॅरलचा आकडा वहीत लिहून ठेवा. तो वर्षभरात वाढला तर झीज होतेय. एका बाजूला जास्त, दुसऱ्याला कमी असेल तर कचरा किंवा बिजागरीची वाकडी पिन.

फट नेहमीइतकी आणि फायरिंग पिन स्वच्छ, तरी उथळ खूण? स्वतः काडतुसं भरत असाल तर आरशात बघा. साइझिंग डाय (वापरलेली केस पुन्हा मापात दाबणारा साचा) प्रेसमध्ये शेलहोल्डरला (केस धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत खाली आवळायची ही पुस्तकी सवय .२२३ सारख्या बिनकडेच्या (बुडाला बाहेर आलेली कड नसलेल्या) बाटलीदार केसला इथे महागात पडते. केसचा खांदा (जिथे ती तोंडाकडे निमुळती होते तो भाग) गरजेपेक्षा मागे ढकलला जातो, काडतूस चेंबरमध्ये पुढे सरकायला मोकळं होतं, आणि पिनेचा फटका प्रायमर फोडण्याऐवजी आख्खं काडतूस पुढे ढकलण्यात जातो. जे पेटतात त्यांची केस बुडाजवळ ताणली जाते. बुडाच्या थोडं वर फिरती चकाकती रेघ दिसली तर ती केस फेकून द्या, पुढच्या वेळी ती तिथेच तुटेल. डाय थोडी वर घ्या, उडालेल्या केसचा खांदा एक-दोन हजारावे इंच एवढाच मागे जाऊ द्या, आणि दर केस आपल्या बॅरलमध्ये घालून रायफल सहज बंद होते का ते बघा. एका बॅरलला बसणारी सेटिंग त्याच काडतुसाच्या दुसऱ्या बॅरलला बसेलच असं नाही.

.३०-३० सारख्या कडेच्या केसला ही भीती कमी असते, कारण ती कडेवर अडते. पण खांदा मागे ढकलला तर तीही ताणतेच, फक्त प्रायमर पेटत राहिल्यामुळे कळायला उशीर लागतो.

खोल खूण असून बार नाही, तर दोष काडतुसाचा. पुढे जा.

राहिलेलं

बार उडताच रायफल आपोआप उघडली, तर त्या दिवशीचं शूटिंग तिथेच थांबवायचं. बहुतेक वेळा खटक्यावर आणि त्याच्या पायरीवर तेल-ग्रीस असतं. पायरीला हलका उतार असतो, घर्षणावर पकड असते, आणि तिथे वंगण म्हणजे निसरडी. सॉल्व्हंटने दोन्ही कोरडं करा. चेंबरही कोरडं हवं. तेलकट चेंबरमध्ये केस भिंतीला पकडत नाही आणि सगळा धक्का ब्रीचवर येतो. कोरडं करूनही कारखान्याच्या काडतुसाने रायफल उघडली तर ती गनस्मिथकडे जाते, पुन्हा बेंचवर नाही.

.२२३ चं बॅरल बाळगणाऱ्यांनी .३०० ब्लॅकआउटही बाळगलं असेल तर दोघांची काडतुसं एका पिशवीत कधीही नकोत. ब्लॅकआउट .२२३ च्याच केसवरून घडलंय आणि ते .२२३ च्या चेंबरमध्ये जाऊन रायफल बंदही होऊ शकते. मग .३० ची गोळी .२२ च्या नळीत. मी प्रत्येक बॅरलच्या लगवर आणि त्याच्या काडतुसांच्या डब्यावर एकाच रंगाची टेप लावतो, रेंजवर एका वेळी एकच रंग टेबलावर.

केस अडकणं: एक्सट्रॅक्टर इथे केस थोडीशी उचलतो, पुढचं बोटांचं काम. कडेच्या केसला पकडायला भरपूर धातू असतो. मोडून उघडणाऱ्या रायफलींची परंपरा असलेल्या मध्य युरोपातल्या शिकाऱ्यांनी ७×५७आर, ७×६५आर अशी कडेची भावंडं ठेवली ती उगाच नाही. बिनकडेच्या केसला एक्सट्रॅक्टरची स्प्रिंगवाली नखी खाचेत शिरून पकडते, आणि नखीखाली कचरा गेला की ती केसवरून सुटते. अडकलीच तर पुढून क्लीनिंग रॉडने हळूच ढकला. नंतर नखीखाली सॉल्व्हंटचे दोन थेंब, टूथब्रश, आणि रिकाम्या केसने पाच-सहा वेळा उघडझाप करून बघा. मात्र केस घट्ट अडकतेय आणि प्रायमरही चपटा झालाय, तर नखी बिचारी निर्दोष आहे. लोड (केसमध्ये भरलेली दारू) कमी करा.